ताशी दहाचं मासिक

इंग्लंडमधल्या एका निरपराध मासिकाची आमच्या काष्टी गावात बदनामी झाली आहे, आणि ती मी केली आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या शेजारी किसनतात्या साळवे राहतात. त्यांच्या घरात ते मासिक गेली दोन वर्षं ताशी दहा किलोमीटरने चाललं आहे. त्याआधी ते ताशी ऐंशीने धावायचं.

हे समजायचं तर आधी तात्या समजले पाहिजेत.

तात्या रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या टाकून आपल्या वाट्याचा पाच-सहा किलोमीटर रूळ, म्हणजे आपलं 'बीट', पायी तपासणारा माणूस. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली तर ठोकायची, सैल बोल्ट आवळायचा, आणि वावगं काही दिसलं तर लाल झेंडी धरून उभं राहायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चाल अजून रुळाखालच्या स्लीपरवरचीच आहे. पावलं एका मापाची, मान खाली. समोरून कोण आलं हे तात्यांना चपलेवरून कळतं. आठवडे बाजारात कुणाचं काही पडलं, तर लोक पोलीस चौकीत जात नाहीत, तात्यांकडे येतात.

"तात्या, कानातलं पडलं हो माझं."

"कुठनं कुठवर चाललीस त्ये सांग आधी. बीट सांगितल्याबिगर घावत न्हाई."

बाई भाजीच्या ओळीपासून सांगत जाते, तात्या मान खाली घालून निघतात, आणि दहातल्या सात वेळा कानातलं सापडतं. उरलेल्या तीन वेळा ते बाईच्या घरीच असतं. हेही तात्याच सांगतात.

माझे मेहुणे इंग्लंडात असतात. तिकडे आणि अमेरिकेत घरातल्या घरात छोटी रेल्वे मांडायचा छंद आहे. बोटभर डबे, काडीएवढे रूळ, नखाएवढी माणसं. वयस्कर, शहाणीसुरती माणसं आयुष्यभर हे करतात, आणि त्यावर दर महिन्याला जाडजूड मासिकं निघतात. मेहुण्यांना तो नाद आहे. एका दिवाळीला ते वाचून झालेल्या अंकांचं खोकं आमच्या ओसरीत ठेवून गेले. दोन मासिकं होती, एक इंग्लंडचं, एक अमेरिकेचं. मी ते रद्दीत घालणार होतो. तात्या पेपर वाचायला आले आणि त्यांच्या हाती भलतंच लागलं.

तासाभराने मी बाहेर येऊन पाहतो तो तात्या ओसरीवर उकिडवे बसलेले, डोळ्याला भिंग, नाक पानाला टेकलेलं.

"सर, ही लाईन पास न्हाई."

"तात्या, खेळण्यातली आहे ती."

"खेळन्यातली म्हनून काय झालं? रूळ म्हंजी रूळ."

त्या दिवसापासून तात्यांची ड्यूटी पुन्हा सुरू झाली. सकाळी आठला चहा घेऊन यायचे, दहा पानं तपासायचे, जायचे. इंग्रजी येत नाही, पण त्यांना मजकुराशी कर्तव्यच नव्हतं. प्रत्येक फोटोतल्या रुळाची पाहणी करून ते पानाला कागदाची चिठ्ठी चिकटवत आणि चिठ्ठीवर वेग लिहीत. रूळ खराब असला की गाडी हळू न्यायचा लेखी हुकूम निघतो, त्याला रेल्वेत 'काशन' म्हणतात. तात्या मासिकाच्या पानापानाला काशन लावत. पान बारा, ताशी तीस. पान एकोणीस, ताशी शंभर. पान चोवीसवर साबणाची जाहिरात होती, त्याला 'लाईन न्हाई'.

महिन्याच्या शेवटी दोन्ही मासिकांची तुलना व्हायची. इंग्लंडच्या मासिकाला ते 'राणीवालं' म्हणत, अमेरिकेच्याला 'डॉलरवालं'. राणी वारली तेव्हा मी म्हटलं, आता नाव बदला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमची मंडळी गेली तरी दाराच्या पाटीवर हायेच की."

तात्यांची समीक्षा मी ऐकत बसायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, वर्तमानपत्रांतली पुस्तक-परीक्षणं वाचतो; पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

"राणीवाल्याची खडी बगा. चाळून घातल्यागत. गवताची काडी न्हाई. येवढी साफ लाईन फकस्त मोठा साहेब येनार आसला की आसती. म्हंजी ह्यांनी फोटोसाठी झाडलीय."

"मग डॉलरवालं चांगलं?"

"त्येचं खरं हाय. त्याल सांडलंय, गवत उगावलंय, रुळाच्या कडंनं पायवाट पडलीय. कोनतरी रोज चालतंय तितनं. करनाऱ्यानं त्ये बगितलंय." मग भिंग पुढे सरकवून, "पन मानूस दिसत न्हाई. शंभर डब्याची गाडी, डोंगूर, पूल, आन् मानूस न्हाई. कुनासाठी चालवत्यात? राणीवाल्याच्या ठेसनावर बगा, बाकड्यावर म्हातारी हाय. पोरगं हाय. हमाल बिडी वडतोय. त्ये ऐंशीनं जाऊ द्या."

दोन देशांच्या स्वभावावर यापेक्षा जास्त मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

राणीवाल्याच्या एका अंकात एका म्हाताऱ्याच्या रेल्वेवर सहा पानं होती. फोटोत तो स्वतःही होता. कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, जाड चष्मा, माळ्यावर मांडलेल्या आपल्या रेल्वेवर वाकलेला. तात्यांना तो पाहताक्षणी आवडला. "आपल्यातला हाय," म्हणाले. आणि त्याच पानांवर त्यांना दोष सापडला. स्टेशनात शिरताना डाव्या रुळाचा सांधा सरकला होता. मला भिंगातूनही दिसेना. त्यांनी सुईच्या टोकाने दाखवला.

"गाडी आलीय बगा, चार बोटांवर. खिडकीत टोपीवाली बाई हाय. सर, कागूद घ्या. साहेबाला कळवाय पायजे."

त्यांनी मराठीत सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. इंग्रजी करून मासिकाच्या संपादकांना पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते पाठवलं नाही.

वेळ नव्हता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण आज लिहितो. बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतो, पण इंग्रजाला कधी पत्र लिहिलेलं नाही. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. 'द' कुठे घालावा आणि कुठे घालू नये याचा मला आजही भरवसा नाही. तो संपादक माझ्या चुकांना हसेल, या भीतीने माझा हात पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला नाही.

तात्या रोज विचारायचे, "जबाब आला?" पहिल्या महिन्यात मी "येईल" म्हणायचो. तिसऱ्या महिन्यात मी त्यांना टाळायला लागलो. चौथ्या महिन्यात त्यांनी पोस्टमनला आमच्या दारातच गाठलं. "लंडनचं टपाल दाबून ठिवलं का रं?" पोस्टमन माझ्याकडे पाहत राहिला. त्याच आठवड्यात मी शाळेच्या संगणकावर इंग्रजीत एक जबाब टंकला, छापला, मेहुण्यांच्या जुन्या पाकिटात घातला आणि तात्यांना वाचून दाखवला. प्रिय मिस्टर साळवे, आपली नजर फार बारीक आहे. दोष त्या गृहस्थांना कळवला, त्यांनी सांधा त्वरित दुरुस्त केला. आपले आभार.

तात्यांनी पत्र हातात घेतलं. उलटं-सुलटं पाहिलं. मग म्हणाले, "एकतीस वर्सांत आभार पयल्यांदा आलं. कीमनचं काम नीट झालं की काईच हुत न्हाई. मग आभार कशाचं मानायचं?"

दुसऱ्या दिवशी पत्र प्लास्टिकात घालून आणलं. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात ते फिरलं. लोकांनी थट्टा केली, "तात्या, लंडनची लाईन बी तुमच्याच बीटात का आता?" तात्या गंभीरपणे म्हणत, "एकच सांधा."

पुढच्या दिवाळीला मेहुण्यांनी नवं खोकं आणलं. त्यात राणीवाल्याने त्याच म्हाताऱ्याच्या रेल्वेवर पुन्हा चार पानं दिली होती. अंक माझ्या पत्राच्या नंतरचा, हे तात्यांना महिन्या-सालाच्या आकड्यांवरून कळलं. ते भिंग लावून बसले. मी घरातून बघत होतो. ते एकाच फोटोवर सुईचं टोक फिरवत होते.

"सर, हितं या."

डावा सांधा. तसाच. गाडी तीच, खिडकीत टोपीवाली बाई तीच.

"साहेब खोटं बोलला," तात्या म्हणाले.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल." त्या एका शब्दाने मी गुन्हा त्या मासिकावर ढकलला. तात्यांनी अंकावर चिठ्ठी लावली, ताशी दहा. नंतर आलेल्या प्रत्येक अंकालाही तीच, आत न बघता. "ज्याचा शब्द ढिला, त्येचा रूळ काय बगायचा?" प्लास्टिकातलं पत्र खिशातून गेलं. टपरीवर कुणी विचारलं तर म्हणत, "हरवलं." ज्या माणसाकडे अख्खा बाजार हरवलेल्या वस्तू शोधायला येतो, तो हे म्हणायचा, आणि लोक हसायचे.

आठ-दहा दिवसांनी सकाळी तात्या आले. चहा आणला नव्हता.

"सर, अजून येक पत्र लिव्हायचं हाय. शेवटचं."

मला वाटलं, शिव्या असतील. मी वही घेतली. त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे:

"साहेब, तुमी खोटं बोललात त्ये मी सोडून दिलं. कामाच्या गडबडीत मानूस बोलून जातो. पन त्या म्हाताऱ्याची चवकशी करा. सांधा दिसत आसून त्येनं वरीसभर केला न्हाई. आसा मानूस आळस करनारा न्हाई, त्येच्या खडीवरनं कळतं. म्हंजी त्यो आजारी हाय, न्हाईतर त्येच्या घरचं कोन गेलंय. आमची मंडळी गेली तवा मी सात दिस लाईनीवर गेलो न्हाई. माझ्या जागी दुसरा मानूस चालला. त्येच्या जागी कोन चालनार? त्येला इचारा, जेवतो का येळंवर. पोरं येत्यात का. कोन नसंल तर हिकडं लावून द्या. माझं पोरगं चिंचवडला आसतं, शिमग्याला येतं. घरात दोन खोल्या हायेत, मी येकीतच आसतो. भाषा येत न्हाई, पन दोघं लाईन बगू."

मग मला म्हणाले, "लावून द्या म्हंजी, आसं मानसाला लावून देत न्हाईत, ठावं हाय मला. पन लिव्हा."

हे पत्र मी एका बैठकीत इंग्रजीत उतरवलं. एकदाही अडलो नाही. पण त्याचं पहिलंच वाक्य संपादकाच्या खोटेपणाला माफी देतं, आणि तो खोटेपणा त्याने केलेलाच नाही. ते वाक्य गाळलं तर पत्र तात्यांचं उरत नाही, आणि ठेवलं तर ज्याने जबाब लिहिलाच नाही त्या माणसावर आरोप जातो. तात्यांना खरं सांगितल्याशिवाय ते टाकता येत नाही. या पत्राचा जबाब मात्र त्यांनी एकदाही विचारलेला नाही. मला अजून "सर"च म्हणतात.

त्याला दोन वर्षं झाली. फोटोतला म्हातारा तेव्हाच ऐंशीच्या घरातला दिसत होता.

किसनतात्यांना मी खरं सांगायचं आहे. ते सांगून दोन्ही पत्रं टाकायची आहेत, आधी सांध्याचं आणि मग म्हाताऱ्याच्या चौकशीचं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.