सुपडूनानांच्या गावात ऊन नसतं

मे महिन्यात भर दुपारी, जळगावातली कुत्रीसुद्धा नालीत अंग टाकून पडलेली असतात तेव्हा, आमच्या शेजारचे सुपडूनाना फाटकाशी उभे राहून गरम चहा पितात. तोही कपात नाही, चांगला स्टीलचा ग्लास भरून. अंगात फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कानशिलावरून घामाच्या धारा चाललेल्या. आणि रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना, म्हणजे कुणालाच नाही कारण रस्त्यावर चिटपाखरू नसतं, ते खणखणीत आवाजात सांगतात, "काय झक्कास हवा पडली शे!"

ऊन आहे ही गोष्ट सुपडूनानांना मान्य नाही. जास्त आहे की कमी, हा वादच नाही. ते नाहीच. आमच्या जळगावात, जिथे नळाचं पाणी दुपारी चहा टाकण्याइतकं तापलेलं येतं, तिथे राहून हा माणूस म्हणतो की उन्हाळा ही लोकांनी उठवलेली आवई आहे.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. जामनेरकडच्या खेड्यातून रोज एसटीच्या दांड्याला लोंबकळत येऊन बी.एस्सी. केलं, तेही फिजिक्स घेऊन. सांगायचं कारण एवढंच की उष्णता म्हणजे काय हे मला कळतं, आणि कुणी तोंडावर खोटं बोललं की मला गप्प बसवत नाही. नाना मला 'सायन्सवाली' म्हणतात. कौतुकानं नव्हे.

मुलांना दाखवायला म्हणून मी व्हरांड्यात थर्मामीटर टांगला होता. ओम आठ वर्षांचा, चिऊ पाच वर्षांची. दोघं दर तासाला धावत जाऊन पारा बघायची आणि "अजून चढला! अजून चढला!" म्हणून क्रिकेटच्या स्कोअरसारखं ओरडायची. नाना हे दोन दिवस ऐकत होते. तिसऱ्या दिवशी आले, थर्मामीटर खिळ्यावरून काढला आणि आमच्या पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत खुपसला. थोड्या वेळानं बाहेर काढून माझ्यासमोर धरला.

"हाऊ खरा आकडा. तू भिंतीना ताप मोजी राह्यनी व्हती."

"नाना, आपण माठाखाली राहत नाही."

"तुनं सायन्स तुनाजोडे ठेव," असं म्हणून ते गेले. जाताना ओमला म्हणाले, "पोऱ्या, तुनी माय घाबरट शे."

पेपरात जळगावचा आकडा छापून आला की नाना म्हणतात, हा भुसावळचा आकडा आहे, आपल्या नावावर फुकट खपवतात. एकदा लग्नाला भुसावळला गेलो होतो, नाना बरोबर होते. मांडवात बायका पदरानं वारा घेत होत्या, नवरदेवाच्या कपाळावरचा गंध हनुवटीपर्यंत उतरला होता. तिथला पेपर मी त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी चष्मा लावून आकडा वाचला, पेपरची घडी केली, खाली सतरंजीवर ठेवली आणि तिच्यावर बसून म्हणाले, "हाऊ आपला जळगावचा शे. इथं चुकून छापलाय."

हे सगळं ज्या आत्मविश्वासानं चालतं, त्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. नाना एसटीत ड्रायव्हर होते. जळगाव-धुळे गाडीवर जन्म गेला. कुणी "फार उकडतंय" म्हणालं की त्यांचं एकच वाक्य तयार असतं, "इंजिनाजोडे बसेल माणूस शे मी." जणू इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला सूर्यावर मत द्यायचा हक्क मिळतो. घरातसुद्धा ते स्टेअरिंगवर बसल्यासारखे बसतात आणि फोनवर बोलताना गाडीच्या घरघराटाच्या वर आवाज काढतात. समोरच्या माणसाला फोनची गरज पडत नाही.

त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी अक्का म्हणते. अक्का हे सारं सोसतात, पण मुकाट्यानं नाही. नानांनी झक्कास हवेची घोषणा केली की आतून त्यांचा आवाज येतो, "हां, बर्फ पडी राह्यना आठे. थांबा, झाडू लई येस."

आता कुणी म्हणेल, म्हातारा आहे, बोलू द्या. मीही सोडून दिलं असतं. पण नानांच्या घरात कूलर आहे. चांगला मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. आणि त्या कूलरवर ते दिवसभर फुलाफुलांचं बेडशीट टाकून ठेवतात. पाहुणा आला की सांगतात, "कपाट शे." कपाटाखालून पाणी ठिबकत असतं.

हे ढोंग कशासाठी, ते मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं, आणि कळल्यावर माझा राग उतरला नाही, उलट वाढला.

नानांची मुलगी मनीषा पुण्याला असते. तिला दोन मुलं, थोरला आमच्या ओमच्याच वयाचा. तो लहान असताना एका मे महिन्यात इथे आला आणि त्याचा घोळणा फुटला. नाकातून एवढं रक्त आलं की मनीषा दुसऱ्याच दिवशी मुलांना घेऊन परत गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिचं एकच उत्तर, "बाबा, मुलांना तिकडचं ऊन सोसत नाही. दिवाळीत बघू." दिवाळीत ती सगळी तिच्या सासरी असतात. आणि आपल्याकडे लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर उन्हाळ्यात. कॉलनीतल्या दर घरी आखाजीला झोके बांधले जातात, पोरीबाळी येतात, आमरसानं पोरांची तोंडं बरबटतात. नानांच्या घरी तेवढ्या अक्का आणि ते बेडशीट घातलेलं कपाट.

यावर सरळ माणसानं काय केलं असतं? मुलीला म्हणाला असता, "पोरी, आठवण येते, ये." किंवा स्वतः पुण्याला गेला असता. नानांनी काय केलं? ऊनच रद्द केलं.

एका दुपारी ते आमच्या दारात आले. हातात फोन.

"तुना पोरेसले जरा स्वेटर घाल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"स्वेटर. दोनच मिनिटं. मनीषाचा व्हिडिओ फोन येणार शे. पाठीमागे पोरे खेळताना दिसली पाहिजेत."

मी नाही म्हणायच्या आत चिऊनं लोखंडी पेटीतून स्वेटर उपसून काढले होते. मुलांना काय, गंमतच. मी नानांच्या दारात उभी राहून बघत राहिले. नाना खांद्यावर शाल घेऊन खुर्चीत बसलेले. आवाज जाऊ नये म्हणून कूलर बंद. मागे माझी दोन लेकरं लोकरीत गुंडाळलेली, कॅरमपुढे बसून सोंगट्यांवर घाम गाळतायत. अक्का स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर तोंडावर धरून.

"बाबा, शाल कशाला?" फोनमधून मनीषा विचारत होती.

"सकाळपासून गार वारं शे. पाऊस झाला ना इकडे."

"नाना, आता काढू का?" चिऊ मागून ओरडली. "टोचतंय मला!"

"पोर लाडात शे," नाना फोनमध्ये म्हणाले आणि हातानं चिऊला खाली दाबलं.

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग मनीषा म्हणाली, "बरं, बघते. येते आखाजीला. मुलांनाही आणते."

फोन बंद झाल्यावर नानांनी शाल फेकली, उठून ओमला खांद्यावर घेतलं आणि व्हरांड्यात दोन चकरा मारल्या. मी म्हणाले, "नाना, हे खोटं आहे. पोरं इथे उतरली की त्यांना कळणारच."

"तोपर्यंत मी गाव गार करस," म्हणाले.

आणि खरंच लागले. गच्चीला चुना मारून घेतला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे. अंगणात हिरवं कापड ताणून सावली. मी विचारलं, "ऊन नसलेल्या गावात गच्चीला चुना कशाला?"

"पांढरं शोभून दिसतं."

"आणि पडदे?"

"वास चांगला येतो."

वर हसलेसुद्धा नाहीत.

नाना एवढ्यावर थांबले असते तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण नाना ड्रायव्हर. रस्ता बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा नेम. पुण्याची गाडी इथे दुपारी येते. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षात पोरांना कितपत झळ लागेल, हे त्यांना आधी बघायचं होतं. आणि नातवाच्या वयाचा मुलगा शेजारीच होता.

मी बाजारात गेले होते. नाना ओमला म्हणाले, "चल, कुल्फी खाऊ." भर दुपारी त्याला रिक्षानं स्टेशनवर नेलं, फलाटावर गाडी यायच्या वेळेपर्यंत बसवलं आणि तशाच रिक्षानं परत आणलं. मध्ये रिक्षा पंक्चर. त्या सगळ्यात कुल्फी राहूनच गेली.

मी घरी आले तेव्हा ओम पलंगावर पडला होता. चेहरा लालभडक, अंग तव्यासारखं. उलटी झालेली. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, ऊन लागलंय, वेळेवर बघितलं, घाबरू नका. मीठ-साखरेचं पाणी पाजा, अंग पुसत राहा. नाना पलंगाच्या पायथ्याशी बसून ओमच्या तळपायाला कांदा चोळत होते.

मी त्यांना काय काय बोलले, ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हणाले, "नाना, हे काय आहे? सांगा ना. आता म्हणा, झक्कास हवा आहे. माझ्या पोराच्या अंगाला हात लावून म्हणा."

नाना कांदा चोळत राहिले. अक्कांनी बादली आणून ठेवली आणि ओलं फडकं पिळलं. थोड्या वेळानं नाना उठून घरी गेले आणि खरखर ओढत काहीतरी घेऊन आले. बेडशीटशिवायचा कूलर. तो ओमच्या पलंगाशी लावला, स्वतःच्या हातांनी पाणी भरलं आणि परत पायथ्याशी बसले.

दिवेलागणीला ओम उठून बसला. आमरस मागितला. चिऊनं त्याला विचारलं, "तुला स्टेशनवर इंजिन दिसलं का?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बघते तर पायथ्याशी नाना नव्हते. ते आमच्या व्हरांड्याच्या पायरीवर होते, फोन लावून. मी मुद्दाम ऐकलं असं नाही. त्यांचा फोन न ऐकण्याची सोय आमच्या कॉलनीत नाही. फक्त त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"माय, आखाजीले नको येऊ."

स्पीकरवरून मनीषा म्हणाली, "का हो बाबा? अक्का बरी आहे ना?"

"अक्का बरी शे. ऊन शे. लई ऊन शे आठे. आज एक पोर पडलं. तुना पोरेसले नको आणू."

"अहो, पण परवा तर तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोलनू मी."

मनीषा म्हणाली, "बरं झालं बाबा, तुम्हीच सांगितलंत. आम्हालाही काळजीच वाटत होती. ह्यांचंही म्हणणं तेच होतं. दिवाळीत बघू, हं?"

"हां. दिवाळीले बघू."

फोन बंद झाला. मला ऐकू गेलंय, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या तोंडात अजून चार शब्द शिल्लक होते आणि ते ऐकवायचा मला पूर्ण हक्क होता. मी दारात उभीच राहिले. आतून चिऊ ओमच्या वाटीतला रस मागत होती आणि ओम देत नव्हता.

नाना फोनची काच शर्टाच्या बाहीनं पुसत म्हणाले, "लगेच ऐकलं तिनं. बघ, एका शब्दात ऐकलं. समजदार पोर शे." मग माझ्याकडे न बघता, "आज सांगितलं ते बरं झालं. नाहीतर आली असती बिचारी, नुसतं माझं मन राखायला."