मुकादमांचे गडी

किसनराव मुकादम गावात राहायला आले त्याच आठवड्यात मी त्यांना त्यांच्या परसात पाहिलं. जमिनीला कान लावून पालथे पडले होते. माणूस गेला असं वाटून मी किंचाळले. तोंडातली मिसरी तशीच घशात उतरली.

"बोंबलू नका, वैनी," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "आत गडी काम करून राह्यले."

आत म्हणजे संडासाच्या टाकीत.

बाहत्तरचा दुष्काळ सरला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या कुंभार पिंपळगावात झाडून सगळे तांब्या घेऊन रानात जायचे. मुकादम जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर होऊन आले, एकटेच, आणि स्वयंपाकघराच्या आधी संडास बांधला. टाकीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते घाण खाऊन तिचं पाणी करतात, असं त्यांनी मला समजावलं. त्यांनाच ते गडी म्हणत. दर शनिवारी गड्यांना बादलीभर शेणकाला. मी चौथी शिकले, पण संडासाला जेवू घालतात हे एकाही बुकात नव्हतं.

पाहुणा आला की चहाआधी नियम. "साबणाचं पाणी न्हाई. राख न्हाई. कढत पाणी तर बिलकुल न्हाई. गडी मरतील!" माझ्या जावयाने हे सगळं ऐकून घेतलं, तांब्या मागितला आणि सरळ रान गाठलं.

मग माझा पाय मोडला. मुकादम बहिणीकडे महिनाभर निघाले होते. जाताना संडासाची किल्ली माझ्या हातात दिली. "रानात लंगडत जाऊ नका."

नियमात फिनेलचं नाव नव्हतं. उपकार फेडावा म्हणून मी रोज ते ओतलं. तीन बाटल्या.

ते परतले आणि दारातच थबकले. नाक वर केलं. मला वाटलं, आता शाबासकी.

"किती वतलं, वैनी?"

"तीन बाटल्या. कसं लख्ख झालंय बघा."

ते उंबऱ्यावर मटकन बसले. "मारले की सगळे!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. किड्यांसाठी रडणारा बाप्या मी तोवर पाहिला नव्हता. मी तोंडाला पदर लावून घरी आले.

पुढच्या पंधरवड्यात टाकी तुंबली. मी म्हणाले, "त्यात काय? जालन्याहून माणूस बोलवा, आत उतरून काढील."

"माझ्या टाकीत माणूस उतरायचा न्हाई." एवढंच बोलले, पण असे की मी दोन पावलं मागे सरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण काढलं. दिवसभर टाकी उघडी ठेवली, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग लांब बांबूला बादली बांधून, वरच उभे राहून उपसायला लागले. साठीचा माणूस. परसाच्या टोकाला खड्डा खणून त्यात ओतायचे. गाव नाक दाबून हसत होतं.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. "अहो, जन्मभर मुकादमी केली. एखाद्याला सांगायला काय जातं तुमचं?"

"सांगितलं व्हतं एकदा." बांबू हलतच होता. "जिनिंगच्या मागं टाकी व्हती. सोपान नावाचा गडी. म्हणला, मुकादम, घटकाभर उघडी राहू द्या. मी म्हणलो, टाइम न्हाई, जल्दी उतर."

बादली वर आली. त्यांनी ती ओतली.

"उतरला. वर न्हाई आला."

फिनेलच्या तीन बाटल्या डोळ्यांपुढून हलेनात.

पाच दिवसांनी टाकी रिकामी झाली. शनिवारी मी आमच्या म्हशीचं शेण कालवून बादली घेऊन गेले. त्यांनी शेणकाला आत सोडला, झाकण बसवलं आणि पालथे पडून कान लावला.

"आले का कामावर?"

"काहीच ऐकू येईना, वैनी. माझे कान गेले का काय?"

मी पदर खोचला, दुखरा पाय लांब केला आणि दुसऱ्या बाजूने कान लावला.

कुंपणापलीकडून माझी सून जी किंचाळली!

"बोंबलू नको," मी म्हणाले. "ऐकू दे."