आवाजावर चालणारा रेडिओ

रविवारी चौघांनी मिळून सायकलवर जायचं ठरलं आणि घरचा कर्ता पुरुष धास्तावला. त्याचा तरी काय दोष? विमा कंपनीत एकोणीस वर्षं तो अपघाताचे दावे तपासत होता. खुर्चीवरून पडून माणसं काय काय मोडून घेतात, ते त्याने कागदोपत्री वाचलं होतं. सायकल तर चालती वस्तू!

"वॉकीटॉकी घेतल्याशिवाय कुणी पायडल मारायचं नाही," त्याने बजावलं.

"अहो, मोबाइल आहेत की," बायको म्हणाली.

"मोबाइल खिशातून काढेपर्यंत ट्रक येऊन गेलेला असतो!"

दुकानदाराने चार रेडिओंचा संच काढला. "बोलायचं असलं की हे बटण दाबायचं. तीन किलोमीटरपर्यंत आरामात चालतो."

"म्हणजे हँडलवरचा हात सोडायचा?"

"सेकंदभर, साहेब."

"एका सेकंदात काय होतं, त्याच्या माझ्याकडे फायली आहेत."

"मग बटण नका दाबू. ही सोय बघा. आवाज आला की रेडिओ आपोआप सुरू. फक्त एक लक्षात ठेवा, तुमचा आवाज चालू असला की समोरच्याचं तुम्हाला..."

"बॅटरी किती टिकते?"

"दहा तास. तर समोरच्याचं..."

"आणि कुजबुजलो तर?"

दुकानदाराने हात टेकले. "आवाज पकडायची पातळी पाचवर ठेवली तर कुजबुजलेलंही जाईल."

"पाचवरच ठेवा."

घरी बाकीच्यांनी मात्र बटणच पसंत केलं. शनिवारी संध्याकाळी चार्जिंगची वायर सापडेना. "माझ्या ड्रॉवरमध्ये असेल, आण गं," त्याने लेकीला सांगितलं आणि पुढच्याच क्षणी जीभ चावली. त्याच ड्रॉवरमध्ये, पाकिटांखाली, तिच्या शाळेच्या सायकल शिबिराचा अर्ज होता. "जागा भरल्या म्हणे," असं तो तिला आठवड्यापूर्वीच सांगून बसला होता. पोर दोन दिवस नीट जेवली नव्हती. पण तीन दिवस, अनोळखी घाट, चाळीस पोरं... त्याच्याच्याने अर्ज भरवेना.

लेक जरा उशिराने आली. तिने वायर टेबलावर ठेवली आणि तडक आत गेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी कालव्याकाठच्या रस्त्यावर सगळ्यांत पुढे त्याचे सासरे अप्पा, कारण एकाहत्तराव्या वर्षीही ते कुणाचं ऐकत नसत. मग लेक, मग बायको. हा सगळ्यांत मागे, कुणी पडलं तर दिसावं म्हणून. दहाव्या मिनिटाला त्याला धाप लागली. विसाव्या मिनिटाला ते तिघं चढावर, गोदामाच्या वळणाआड दिसेनासे झाले.

"अगं... हुश्श... ऐकू येतंय का?"

चिडीचूप.

"अप्पा? हुश्श... अप्पा, छातीत दुखतंय का?"

काही नाही. वळणापलीकडे मोठा रस्ता आडवा येतो, हे त्याला ठाऊक होतं. तिघांपैकी एकजण तरी बोलला असता ना! तिकडून हॉर्न वाजला. डोळ्यांपुढे फाईल उघडली: वाहन क्रमांक, पंचनामा, जखमींची नावं. तीनही नावं घरचीच. तो पायडल मारत राहिला.

"देवा," तो पुटपुटला, "पोर सुखरूप असू दे. हुश्श. उद्याच्या उद्या अर्ज देतो. जागाबिगा काही भरल्या नव्हत्या रे, मीच खोटं बोललो. हुश्श. ड्रॉवरमध्ये दडवला. मलाच भीती वाटते. तिला सायकल येते, मलाच धड येत नाही..."

वळण आलं. चढ संपला.

मोठ्या रस्त्याच्या अलीकडेच पुलाच्या कठड्यावर तिघं ओळीने बसून संत्री खात होती. मध्ये रेडिओ ठेवलेला. त्यातून त्याचीच धाप ऐकू येत होती, हुश्श, हुश्श.

"जिवंत आहात!" तो सायकलवरून उतरला म्हणण्यापेक्षा गळून पडला. डोळे भरून आले होते. "मग बोलत का नव्हता?"

"पंधरा मिनिटं ओरडतोय!" बायको म्हणाली. "तुमचा आवाज चालू असला की आमचं तुम्हाला ऐकूच येत नाही. बोलणं थांबलं तर धापा सुरू. मधे फट म्हणून नाही!"

"छातीत दुखत नाहीये," सासरे बी थुंकत म्हणाले. "विचारत होता ना?"

म्हणजे सगळं ऐकलं. त्याने हळूच लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने पाठीवरची पिशवी काढली आणि चार घड्या घातलेला कागद त्याच्यापुढे धरला. तोच अर्ज.

"पाकिटांखाली वायर, वायरीखाली हा," ती म्हणाली. "इथे पोचल्यावर विचारणार होते. पण तुम्हीच सांगितलंत."

त्याने छातीवरचा रेडिओ बंद केला, सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. सही इतकी वाकडी आली, की दाव्यावर असती तर त्याने स्वतःच नामंजूर केली असती.

"सोबत एक रेडिओ नेशील?"

"बाबा, शिबिर साठ किलोमीटरवर आहे. हा तीनच किलोमीटर चालतो."

"माहीत आहे. तरी ने."

लेकीने संत्र्याची शेवटची फोड त्याच्या हातावर ठेवली.

"नेते. पण बटणवाला."