दहा इंची अंगाई

माझी बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती आणि भिंगरीचा पाळणाघरातला प्रवेश एका रकान्यासाठी अडला होता. रकाना क्रमांक चौदा : 'अंगाईच्या ध्वनिमुद्रिकेचा व्यास (इंचांत)'.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय आठ महिने. खरं नाव अर्जात आहे. पण पालथी पडली की स्वतःभोवती गरागरा फिरते, म्हणून घरात ती भिंगरीच. बाकीचे तेरा रकाने मी एका बैठकीत भरले होते. दातांची संख्या, शिंकांची वारंवारिता, आईचं शिक्षण, वडिलांचा स्वभाव. चौदाव्याला पाच आठवडे लागले.

आमच्याकडचं हे पाळणाघर नावाजलेलं आहे, कारण ते 'पडदामुक्त' आहे. खिडक्यांना पडदे आहेत. मुक्ती फोनच्या पडद्यापासून. दाराशी एक टोपली असते, तीत पालकांनी आपापले फोन टाकायचे. संचालिकाबाईंचा फोन तेवढा त्यांच्या हातात असतो, कारण टोपलीवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र त्या फोनवर दिसतं.

फोनवरून अंगाई लावायला अर्थातच बंदी. फोनमधला आवाज कोरडा असतो, तबकडीवरचा आवाज खोबणीत घासून येतो म्हणून उबदार, असं माहितीपत्रकात छापलं आहे. तेव्हा प्रत्येक बाळानं आपल्या आईच्या आवाजातलं गाणं तबकडीवर घालून आणायचं. एक बाळ, एक गाणं, एक तबकडी.

"पण मावशी म्हणतील की गाणं," मी पहिल्याच भेटीत म्हटलं. मावशी पाळण्यांच्या रांगेजवळ दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. अठरा वर्षं त्या इथं मुलं सांभाळताहेत.

संचालिकाबाईंनी नियमपुस्तिका उघडली. "कलम नऊ. सेविकेने गाणे, गुणगुणणे अथवा हुंकार देणे निषिद्ध आहे. त्यामुळे बालकाच्या मनात सेविकेविषयी अनधिकृत जिव्हाळा उत्पन्न होतो."

मावशींनी मान डोलावली. तोंड मिटूनच.

त्या दिवशी निघताना भिंगरीनं व्हरांड्यात भोकाड पसरलं. मी तिला खांद्यावर टाकून तिथंच आमचं नेहमीचं गाणं म्हटलं : 'नीज गं भिंगरे, पुरे झाले फेरे'. सहा मिनिटं दहा सेकंद लागतात. तिचे डोळे पाचव्या मिनिटाशिवाय मिटत नाहीत, हे मी तीन आठवडे घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

तबकडीवाले काका एका जुन्या छापखान्याच्या मागच्या खोलीत बसतात. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास, मधोमध एक दाबयंत्र, आणि यंत्रात काळा गोळा चेपला की खाली तबकडी.

"सात की बारा?" त्यांनी विचारलं.

"काय फरक असतो?"

"एकटं गाणं असलं की लोक सात इंची काढतात. छोटी, सुटसुटीत. साडेचार मिनिटं मावतात. ताणून पाच."

"माझं सहाचं आहे."

"मग बारा घ्या. पोळपाटाएवढी. ऐसपैस."

नवऱ्याला ही चैन वाटली. "अगं, भरभर म्हण ना जरा! दीड मिनिट काय, चहा गाळेपर्यंत जातं." मी भरभर म्हणून पाहिलं. भिंगरी उठून बसली आणि टाळ्या वाजवू लागली. "बरं, मग दोन बाजूंना अर्धं अर्धं घाल," तो म्हणाला.

मी तसं संचालिकाबाईंना विचारलं. त्यांनी मावशींच्या कामांची यादी काढली. तबकडी लावणे, होते. तबकडी काढणे, होते. तबकडी उलटणे, नव्हते.

"वाढवता येईल ना एक काम?"

"येईल की. पालक समितीपुढे ठेवते."

पालक समितीत सुरक्षा-आई आहेत. त्यांना सगळे सुरक्षा-आईच म्हणतात, कारण त्यांच्या पर्समध्ये एक पारदर्शक नळी असते. जी वस्तू नळीतून जाते ती बाळाच्या घशात जाते, आणि जी बाळाच्या घशात जाते ती पाळणाघरात येत नाही. उलटण्याचा विषय बाजूलाच राहिला. सात इंची तबकडीचं मधलं भोक मोठं असतं, त्यात बसवायला प्लास्टिकचं एक चक्र लागतं. सुरक्षा-आईंनी ते चक्र नळीत सोडलं. ते टपकन खाली पडलं. सगळ्या आया एकदम "आई गं!" म्हणाल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं. त्या दिवसापासून सात इंची बंद.

मी बारा इंची काढली. एकच प्रत. आणि मला हायसं वाटलं, हीच माझी चूक.

कारण एव्हाना बारा इंचीची हवा झाली होती. बाळांना गाडीत बसवता बसवता आया एकमेकींना विचारत, "तुमची किती?" बारा म्हटलं की चेहऱ्यावर आदर. एका बाबांनी तर बारा इंचीच्या वेष्टनावर बाळाचा पूर्ण आकाराचा फोटो छापला. ज्यांची मुलं आधीपासून सातवर झोपत होती ते कडेनं जाऊ लागले. खिडकीजवळचे पाळणे आपोआप बारा इंची बाळांचे झाले. मग एका सात इंची आजोबांनी लेखी तक्रार केली, की आमच्या नातवाला व्यासावरून हिणवलं जातं. नातू पाच महिन्यांचा होता.

समितीनं दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत समानतेवर चर्चा झाली. दुसरीत कपाटावर, कारण तबकड्या ठेवायच्या कपाटाचा खण साडेदहा इंचांचा निघाला. निर्णय एकमतानं झाला : 'यापुढे सर्व बालके दहा इंचांवर झोपतील.'

मी धावतपळत काकांकडे गेले. मागोमाग नवरा, त्याच्या कडेवर भिंगरी.

"दहाचा साचा?" काका हसले. "तो माझ्या वडिलांनी मोडीत काढला. दहा कुणी मागतच नाही, ताई. सातवाल्याला ती मोठी, बारावाल्याला छोटी. कुणाच्याच कामाची नाही."

"म्हणूनच समितीनं एकमतानं निवडली," नवरा म्हणाला.

"साचा करून देतो. तीन आठवडे."

"सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय, काका. नाही झाले तर माझ्या खुर्चीवर दुसरी बसलेली असेल. ती आत्ताच येऊन खुर्चीची उंची बघून गेलीय."

काकांनी माझी बारा इंची तबकडी उजेडात धरली. "मग हीच कडेनं छाटून देतो. पण ऐका. सुई कडेवरून आत जाते. तुमचं गाणं या कडेच्या इंचभरातच संपलंय, पुढं सगळं मोकळं आहे. छाटली तर एवढंच उरेल." त्यांनी सुई आतल्या अंगाला ठेवली. यंत्रातून माझाच आवाज आला : "झालं का हो काका? बंद केलंत ना?" मग नुसतं खर्र... खर्र... खर्र.

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"छाटा," तो म्हणाला. "रकान्यात व्यास विचारलाय. गाणं आहे का, असा रकानाच नाहीये."

मी अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. त्याचं बरोबर होतं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता चाचणी झाली. सुरक्षा-आईंनी टेप लावून तबकडी मोजली. "दहा," त्या म्हणाल्या, आणि संचालिकाबाईंनी रकान्यात दहा लिहिलं. मावशींनी भिंगरीला पाळण्यात घातलं, सुई ठेवली आणि नियमाप्रमाणे पाळण्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"झालं का हो काका? बंद केलंत ना?"

"किती संयत सुरुवात आहे," संचालिकाबाई कुजबुजल्या.

खर्र... खर्र... खर्र...

"आणि हा ठेका! आजकालच्या गाण्यांत नसतो असा ठेका."

भिंगरीनं एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ मला पाठ आहे. त्यानंतर चार सेकंदांत भोंगा सुरू होतो. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. भोंगा सुरू झाला नाही. ओठ आत गेला. पाचव्या मिनिटाला मुठी सैल पडल्या, डोळे मिटले.

समिती पाळण्याकडे बघत होती. मी मात्र मावशींकडे बघत होते. मुलीचा श्वास चालू आहे ना, हे दर दहा मिनिटांनी तपासणाऱ्या बाईला असल्या गोष्टी दिसतात. मावशींचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. पण गळ्याच्या खळगीत कातडी थरथरत होती. त्या खर्रच्या तालावर, नाकातल्या नाकात, सुईच्या आवाजाखाली लपवून, माझंच गाणं चाललं होतं. व्हरांड्यात एकदाच ऐकलेलं. कडव्यामागून कडवं.

आमची नजरानजर झाली. मावशींनी नजर खाली वळवली, पण गाणं थांबवलं नाही. शेवटचं कडवं राहिलं होतं.

संचालिकाबाईंनी माझ्यापुढे छापील निवेदन ठेवलं : 'सदर बालक केवळ ध्वनिमुद्रिकेमुळे झोपी गेले असून त्यात सेविकेचा कोणताही सहभाग नाही.' खाली सहीची जागा.

मी पेन शोधायच्या निमित्तानं बाहेर आले. चपलांच्या मांडणीपाशी मावशी आधीच येऊन उभ्या होत्या.

"मावशी, हे खोटं आहे."

"हो. करा सही, भिंगरीच्या आई."

"अहो, पण झोपवलं तुम्ही!"

"हळू बोला. खरं लिहिलंत तर तुमचा सोमवार जाईल आणि माझापण. लेकरू झोपलंय ना? मग झालं तर."

मी सही केली. पेन माझ्या पर्समध्येच होतं.

भिंगरीचा निकाल पाहून समितीनं तिची तबकडी आदर्श म्हणून भिंतीवर लावायचं ठरवलं, झोपेच्या वेळेपुरती खाली उतरवायची. मग सगळ्यांनाच दहा हवी झाली. बारावाल्यांनी आपापल्या तबकड्या छाटून आणल्या. सातवाल्यांनी मधलं भोक बुजवून लहान केलं आणि कडेला पुठ्ठ्याचं कडं चिकटवून व्यास भरून काढला; सुई त्या पुठ्ठ्यावरच घासत राहते. आता बावीस पाळणे, बावीस तबकड्या, आणि सगळ्यांवर खर्र. शास्त्रीय भाषेत त्याला 'दहा इंची शांतता' म्हणतात. तसं फलकावर लिहिलंय. मावशींना बावीस गाणी पाठ झाली.

गेल्या आठवड्यात मावशींचा घसा बसला. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. बदलीच्या बाईंनी नियमाप्रमाणे तबकड्या लावल्या, आणि बावीसही बाळं एका सुरात जी सुरू झाली ती आई-वडील येईपर्यंत थांबली नाहीत. समितीची तातडीची बैठक झाली. सुई बदलून पाहावी, असं कुणी म्हटलं. हवेतल्या दमटपणामुळे शांततेची प्रत घसरली असावी, असं सुरक्षा-आईंनी म्हटलं. शेवटी संचालिकाबाई माझ्याकडे वळल्या. "भिंगरीच्या आई, तुमची तबकडी तर आदर्श. तुम्हाला काय वाटतं?"

मी भिंतीवरच्या तबकडीकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात मावशी उभ्या होत्या, गळ्याला मफलर गुंडाळून, दोन दिवसांची रजा एकाच दिवसात संपवून आलेल्या.

"व्यासच थोडा कमी करून पाहू या," मी म्हणाले.

ठराव एकमतानं मंजूर झाला. साडेनऊ इंच.

तुम्ही म्हणाल, काय ही बाई! मूग गिळून बसली. शिकलीसवरलेली आहे, स्वतः आई आहे, एक वाक्य बोलली असती तर काय बिघडलं असतं? अगदी बरोबर आहे तुमचं. मीही बैठकीतून बाहेर पडताना स्वतःला हेच विचारत होते. पण येताना दारावरची प्रतीक्षायादी वाचली. त्र्याण्णव बाळं आहेत तीत. एकेचाळिसाव्या क्रमांकावर तुमचं आहे. सोबतचा अर्जही पाहिला. फार नीटनेटका भरलाय. ठराव होऊन अजून तासही झाला नव्हता, आणि रकाना चौदामधला 'दहा' खोडून तुम्ही वर 'साडेनऊ' लिहिलं होतं. पेन्सिलीनं.