घरी विचारून सांगतो

आमच्या शेजारचे तुळशीरामकाका आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हणाले नाहीत. दारात भांडीवाला येवो, फोनवर कर्ज देणारी बाई बोलो, की निवडणुकीचा उमेदवार हात जोडून उभा राहो, काकांचं उत्तर एकच: "घरी विचारून सांगतो." आणि ते खरोखर घरी विचारतात, खरोखर सांगतात. कर्जवाल्या बाईला त्यांनी उलट फोन लावून कळवलं होतं, "आमच्या घरचे नको म्हनते बाई, राग नका मानू."

आमच्या आर्णी गावात काकांचं पंक्चरचं दुकान होतं, पण त्यांचं नाव झालं ते सोयरिकी जुळवण्यात. मुलगी पाहून उठताना पसंत असो-नसो, तोंडावर नाही म्हणायचं नाही. घरी विचारून सांगतो म्हणायचं आणि निरोप मात्र चुकवायचा नाही, हा त्यांचा नियम. तोच त्यांनी पुढे साऱ्या जगाला लावला.

घरी म्हणजे गोदाकाकू. मणक्याच्या दुखण्याने त्या काही वर्षांपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला. कोण कुठे निघालं, कुणाच्या गाडीचा सायलेन्सर फुटला, हे गल्लीत सगळ्यांच्या आधी काकूंना कळतं. वर्षातून एकदा त्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतात आणि नवऱ्याला घराबाहेर काढतात. "चार दिवस फिरून या. तुमचं तोंड पाहू पाहू कटाळली मी." काका बिचारे पिशवी भरतात आणि आम्हा नवराबायकोसोबत निघतात.

सुट्टीच्या गावी टाय लावलेला एखादा मुलगा पुढे येतो. 'सर, तुम्हाला बक्षीस लागलंय, फक्त अर्धा तास द्या' म्हणतो. अशाला पाहून आपण रस्ता बदलतो. काका रस्ता ओलांडून त्याच्याकडे जातात. मग थंडगार हॉलमध्ये सरबत मिळतं, आणि एकदाच पैसे भरा आणि आमच्या बंगल्यात जन्मभर दरवर्षी आठवडाभर राहा, असं सांगत सही होईपर्यंत माणसाला उठू देत नाहीत. नवराबायको जोडीने असल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणून आमची वरातही काकांच्या मागे.

महाबळेश्वरला तिघांनी मिळून घेरलं होतं. काका टोपी सारखी करून सोयरिकीला आल्यासारखे बसले. आधी पोरांना विचारलं, गाव कोणतं, भाऊ किती, आई कशी आहे. मग बंगल्याची चौकशी. पायऱ्या किती? सकाळचं ऊन कुठून येतं? पलंग खिडकीला लागतो का? साहेब आला, त्याच्यावरचा साहेब आला, 'हा भाव फक्त आजच' म्हणाला. काका हात जोडून उठले. "आज त फक्त पाहनं झालं साहेब. घरी विचारून सांगतो." साहेबाने सरबताचा पेला स्वतःच पिऊन टाकला.

आर्णीला परतल्यावर काका तो बंगला काकूंना सांगत बसतात. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. धुकं कसं विचारल्याशिवाय खोलीत शिरतं, चहाचा कप हातात असूनही दिसत नाही, झाडावरून दिवसभर थेंब पडत राहतात. काकू डोळे मिटून ऐकतात. मधेच विचारतात, "ओटा कोन्या बाजूले हाय?" काका सांगतात. बाहेर टिनांवर ऊन तापलेलं असतं, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि ती दोघं अख्खी दुपार धुक्यात राहून येतात. संध्याकाळी निकाल लागतो. "ओल लय हाय तिथं. पापड सादळतीन. नको म्हनून सांगा." डोंगर असा गेला, पुढच्या वर्षी तळं मच्छरांपायी गेलं. काका दर वेळी न चुकता निरोप कळवतात.

यंदा गोव्याला गेलो. प्राची नावाच्या मुलीने आम्हाला नमुन्याची खोली दाखवली. पलंग खिडकीला अगदी चिकटून, आणि खिडकीभर नुसता समुद्र. काकांनी टोपी काढून उशाशी ठेवली आणि चक्क पलंगावर आडवे झाले. पडल्या पडल्या मान वळवून पाहिलं. समुद्र दिसत होता. ते बराच वेळ उठलेच नाहीत. लाटांचा आवाज खोलीत येत होता, पडदा हलत होता, आणि मला इतक्या वर्षांच्या पायऱ्यांचा, उन्हाचा, पलंगाचा अर्थ एकदम लागला.

"मास्तर," काका छताकडे पाहत मला म्हणाले, "लिफ्ट हाय. पायरी एकबी नाई. गाडीत निजवून आनता येते तिले."

टेबलाशी येऊन त्यांनी पेन हातात घेतलं. मी घाबरलो. पैसे भरायला त्यांना पंक्चरच्या दुकानाची जागा विकावी लागली असती, त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

"काका, घरी नाही विचारायचं?"

"विचारलं का नको म्हनते ते. दरसाल तेच. या बारीनं विचारतच नाई."

प्राचीला मोडता नको होता. ती हसून म्हणाली, "मॅडमना आत्ताच व्हिडिओ कॉल लावू या ना. खोली पाहिली की त्याच हो म्हणतील." काकांनी नाइलाजाने फोन लावून दिला.

काकूंचा चेहरा उशीवर दिसला. प्राचीने फोन खिडकीशी धरला. काकू पाहत राहिल्या. पाणी चमकत होतं, दूर एक होडी हललीशी वाटत होती.

"केवढं पानी हाय वं माय," त्या हळूच म्हणाल्या.

"हो ना मॅडम. पडल्या पडल्या दिवसभर समुद्र दिसेल."

"आन रस्ता?"

"रस्ता मागच्या बाजूला आहे. अजिबात त्रास नाही."

काकू म्हणाल्या, "मंग नको बाई. हे घरी येतानी मले दिसतीन कुठून?"

प्राचीने फोन खिडकीपासून वळवला. तिने तो काकांना दिला. काकांनी पेनाला टोपण लावून ते तिच्यासमोर ठेवलं. "घरी विचारलं, बाई. राग नको मानू."

आर्णीच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. काका थकलेले, हातात पिशवी, म्हणून मी ऑटो थांबवला.

"बसा काका."

"नाई," काका म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. "तुमी व्हा पुढं. मी ऑटोत बसलो त तिले दिसीन कसा?"

त्यांनी टोपी सारखी केली आणि रस्त्याच्या मधोमध, हळूहळू चालू लागले.