उमाच्या लग्नातला गोरा

"कॅसेट सांभाळून लावजो, चैतराम. एकच आहे," गुणाकर तिसऱ्यांदा म्हणाले.

"हौ काका," लाउडस्पीकरवाला चैतराम म्हणाला. "कोन्ती बाजू?"

"पहिली. सुरुवातीपासून."

उमाचं लग्न ठरायच्या आधीच तिची आई, सुनंदाबाई, गेली. पण आजारपणात टेपरेकॉर्डरसमोर बसून तिने लेकीसाठी मंगलाष्टकं म्हणून ठेवली होती. दोन वर्षांत गुणाकरांना ती ऐकायची हिंमत झाली नव्हती. आज ऐकायची, आणि रडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

अंतरपाट धरला. भटजींनी खूण केली. चैतरामने बटण दाबलं.

लाउडस्पीकरमधून एक गोरा ओरडला.

तो गात नव्हता, नळावर भांडत होता. मागे कोणीतरी पत्र्याच्या बादल्या जिन्यावरून सोडत होतं.

"मुकुंद!" गुणाकर गरजले.

जबलपूरच्या कॉलेजातून आलेला मुकुंद पांढरा पडला. "बाबा, ही तर माझी हरवलेली कॅसेट! लई मोठा गायक आहे. त्याच्या देशात पन्नास लोकबी त्याले ओळखत नाहीत."

"आता बालाघाटात तीनशे ओळखतात! बंद कर!"

घाबरलेल्या चैतरामने बटण फिरवलं, तर आवाजच वाढला. गोऱ्याने शेवटची आरोळी ठोकली. मांडवाबाहेरच्या बॅंडवाल्यांना आतलं काही दिसत नव्हतं. आरोळी म्हणजे लग्न लागलं, असं समजून त्यांनी ताशे बडवले. ताशे वाजले म्हणून लोकांनी अक्षता टाकल्या. अक्षता पडल्या म्हणून मामांनी अंतरपाट ओढला. उमाने हार घातला.

मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती.

वराचे वडील बंडोपंत उठले. तिरोडीच्या खाणीत तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. "व्याहीबुवा, हे लगन कोन्त्या शास्त्रात बसते?"

गुणाकर हात जोडून पुढे झाले. तेवढ्यात लाउडस्पीकर खाकरला.

"मुकुंदा, कोरी कॅसेट भेटली नाही, म्हणून तुझी घेतली. पण तुझं पहिलं गाणं पुसलं नाही रे. पुरण वाटताना बरं वाटते ते. आता सारे चूप बसा. अंतरपाट धरा."

सुनंदाबाईंचा आवाज तसाच होता. सगळ्यांत आधी बंडोपंत खाली बसले.

अंतरपाट पुन्हा धरला. हार काढून पुन्हा हातात दिले. अक्षता संपल्या होत्या, म्हणून सगळा मांडव वाकून सतरंजीवरच्या वेचू लागला. गुणाकरही वेचत होते. त्या धांदलीत रडायचं राहूनच गेलं. ऐन मुहूर्तावर उमाचं लग्न दुसऱ्यांदा लागलं.

"दोनदा लागलं," बंडोपंत हसत म्हणाले. "आता कोनाच्या बापाच्यानं मोडत नाही."

पुढच्या वर्षी गल्लीतल्या रुख्माबाई दारात आल्या. "भाऊ, पोरीचं लगन आहे. ते कॅसेट द्याल का?"

"हौ. सुनंदाची मंगलाष्टकं बेस आहेत."

"ते तं पाह्यजेच. पण आधी तो वरडणारा लावा लागते ना? त्याच्याबिगर मुहूर्त साधत नाही म्हनतात."

गुणाकर आत गेले. कॅसेटवरची धूळ पुसून त्यांनी ती रुख्माबाईंच्या हातात ठेवली.

"पहिली बाजू," ते म्हणाले. "सुरुवातीपासून."