न उघडलेलं ड्रिल

"उघडल्याशिवाय भाव सांगत नाही," पारखी म्हणाला आणि त्याने खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. घरातले झाडून सगळे स्क्रूड्रायव्हर जावयाने सकाळीच पाण्याच्या टाकीमागे लपवले होते. लोक आपापले घेऊन फिरतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

टेबलावर सासऱ्यांचं जुनं ड्रिल होतं. हिरवा रंग, पितळी पाटी, आणि उचलताना खांदा निखळेल असं वजन. सासरे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. या ड्रिलच्या अंगाला आजवर पाना लागलेला नाही, हे ते येईल त्याला ऐकवत. असल्या ड्रिलची हल्ली चलती होती. जन्मात भिंतीला खिळा न ठोकलेली माणसं ती काचेच्या कपाटात ठेवून वर दिवा सोडत. ज्यांचे हात त्यांवर सोलले, त्यांना कोणी कपाटात ठेवत नाही. पारखी या कपाटवाल्यांसाठी माल हेरायचा. पाटीवरचा नंबर आतल्या मोटरशी जुळला तर सोनं, नाही तर भंगार.

आत मिक्सरची मोटर होती.

नोकरी गेल्यापासून सासरीच राहणाऱ्या जावयाचा डोळा सासऱ्यांच्या घरामागच्या शेडवर होता. तिथे सुतारकाम सुरू करायचं होतं. सासरे हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. माणूस हत्यारं कशी वापरतो ते बघू, एवढंच म्हणायचे. गेल्या आठवड्यात ते गावाला गेले असताना जावयाने शेजाऱ्याची फळी ठोकून देण्याच्या फुशारकीत हेच ड्रिल उचललं. अर्ध्या भोकातच धूर निघाला. घाबरून त्याने ते खोललं, जळकी मोटर फेकली आणि घरच्या मिक्सरची मोटर आत कोंबली. बायकोला सांगितलं, मिक्सर दुरुस्तीला दिलाय. ड्रिल चाललं, पण डोळे मिटले की स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटायचं. म्हणून आज त्याने घराचा फ्यूजही काढून ठेवला होता.

आणि सासूबाईंनी नेमकं आजच पारख्याला बोलावलं होतं. घरातलं लोखंड एकदाचं जाऊ दे म्हणून.

"स्क्रूच्या खाचा ताज्या चमकतायत," पारखी ड्रिलवर वाकून म्हणाला. "कोणीतरी खोललंय हे."

"मी ब्रशने घासतो रोज," सासरे झटकन म्हणाले.

जावई चमकला. त्याने चाचरत सांगून पाहिलं की स्क्रू गंजलेत, फिरवले तर तुटतील. तुटतीलच, सासरे म्हणाले. हवा दमट आहे, आत ओल जाईल, असं तो म्हणाला, तर सासऱ्यांनी त्यालाही मान डोलावली. आजवर या माणसाने त्याच्या एका शब्दाला होकार दिला नव्हता. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो आपल्याला खोल पाण्यात जाऊ देत होता.

पारख्याला मात्र वेगळाच वास आला. एवढं झाकतायत म्हणजे आत काहीतरी दुर्मीळ आहे. त्याने भाव सांगितला, मग स्वतःच दुप्पट केला. न उघडता, आहे तसं नेतो म्हणाला.

"विकायचंच नाही," सासरे म्हणाले आणि ड्रिल छातीशी धरून मागच्या शेडमध्ये शिरले. पारखी बडबडत निघून गेला. जावई मान खाली घालून सासऱ्यांच्या मागोमाग आत गेला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "आतली मोटर काळी होती ना? एवढीशी?"

"हो."

"जळाली?"

"जळाली. बाबा, चुकलंच माझं..."

"हळू बोला. तुमच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनची होती ती. ड्रिलची मूळची मीच जाळली, केव्हाच. हिला सांगितलंय, मशीनची वायर उंदरांनी खाल्ली." मग जरा थांबून, "आता आत काय आहे?"

"मिक्सर."

"चालतो?"

"चालतो."

सासऱ्यांनी प्रथमच जावयाकडे कौतुकाने पाहिलं. "बसवलात कसा? जागा तर नाही आत," ते म्हणाले आणि किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "शेड उद्यापासून तुमची, जावईबापू."

ती किल्ली मध्येच तिसऱ्या हाताने उचलली. पारख्यासाठी केलेला चहा घेऊन सासूबाई कधीपासून दारात उभ्या होत्या.

"शेड आजपासूनच घ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. चहा आत ठेवून त्यांनी दार ओढून बाहेरून कुलूप लावलं. "आधी मशीनचा आवाज येऊ दे, मग मिक्सरचा. दोन्ही ऐकू आले की कुलूप काढते."